लिपी येत नसताना चिनी अक्षरकला कशी पाहायची

ख्याल ऐकताना बंदिशीचे शब्द नीट कळले नाहीत म्हणून मैफिलीतून कुणी उठून जात नाही. त्या दोन ओळी गाणारा कशा मांडतो, कुठे थांबतो, समेवर कसा येतो, इकडे आपले कान लागलेले असतात. चिनी अक्षरांच्या पटाकडे मात्र आपण 'वाचता येत नाही' म्हणून पाठ फिरवतो आणि मला याचं मनापासून वाईट वाटतं. ही कला बघायला लिपी यावी लागत नाही. हात कसा फिरला हे ओळखता यावं लागतं, आणि ते शिकता येतं. खुद्द चीनमध्येही वेगाने लिहिलेल्या पटातली सगळी अक्षरं सामान्य वाचकाला लागत नाहीत, तरीही लोक त्यापुढे खिळून उभे राहतात.

चिनीत या कलेला 'शूफा' म्हणतात. 'शू' म्हणजे लिहिणं, 'फा' म्हणजे रीत. खाली सांगितलंय ते क्रमाने करत जा. चित्रं मोठी करून बघता येतील असा मोबाइल किंवा संगणक आणि एक गोल, टोकदार कुंचला एवढं जवळ असलं की पुरे.

पायरी १ : आधी हत्यारं समजून घ्या

आपल्याकडे देवनागरी असो की मोडी, जुनं लेखन बोरूने झालं. बोरूचं टोक तिरपं कापलेलं असतं आणि रेघेची जाडी-बारकी त्या कापातून, बोरू धरण्याच्या कोनातून येते. चिनी कुंचला गोल, केसांचा आणि टोकाला निमुळता असतो. नुसता टेकवला तर केसाएवढी रेघ उमटते, दाबला तर बोटाएवढी जाड. जाडी येते ती दाबातून. त्यामुळे रेघ जाड आहे तिथे हात खाली गेला होता आणि बारीक आहे तिथे वर आला होता, हे हजार वर्षांनंतरही नुसतं बघून सांगता येतं. ही एक गोष्ट डोळ्यांत बसली की अर्धं काम झालं.

शेळीच्या केसांचा कुंचला मऊ असतो आणि शाई भरपूर धरतो. दुसऱ्या जातीला 'लांडग्याचे केस' म्हणतात, पण ते केस असतात वीझल नावाच्या मुंगसासारख्या लहान प्राण्याच्या शेपटीचे. ते ताठ असतात आणि दाबले तरी उसळी मारून सरळ होतात. शाई म्हणजे काजळी आणि सरस यांची घोटून केलेली कांडी. चंदन उगाळतो तशी ती दगडी सहाणेवर पाण्यात उगाळायची. पाइनच्या लाकडाची काजळी असेल तर काळा रंग किंचित निळसर आणि बिनचमकीचा दिसतो, तेलाच्या दिव्याची असेल तर तुळतुळीत. कागदांत आन्हुई प्रांतातल्या शुआन कागदाचं नाव मोठं. एका झाडाची साल आणि भाताचा पेंढा यांच्या लगद्यापासून तो बनतो. त्यावर कुंचला क्षणभर रेंगाळला तरी शाई टिपकागदासारखी पसरते. सगळेच जुने पट अशा कागदावर नाहीत, काही रेशमावर आहेत. नियम मात्र सगळीकडे एकच : एकदा ओढलेली रेघ पुन्हा गिरवायची नाही. चित्रकाराला रंगावर रंग चढवता येतो, इथे जे झालं ते झालं.

पायरी २ : कडप्प्यावर पाण्याने एक आडवी रेघ

बीजिंगच्या आणि इतर शहरांच्या बागांत सकाळी म्हातारी माणसं लांब दांड्याचा, स्पंजचं टोक असलेला कुंचला पाण्यात बुडवून फरशीवर कविता लिहिताना दिसतात. याला 'दीशू' म्हणजे जमिनीवरचं लेखन म्हणतात. चौथी ओळ लिहून होईपर्यंत पहिली वाळत आलेली असते. आपल्या घरात यासाठी कडप्पा उत्तम. ओट्यावरचा कोरडा कडप्पा, वाटीभर पाणी आणि कुंचला.

आता चिनी पद्धतीची एक आडवी रेघ ओढा. कुंचला उभा धरा, पेनासारखा तिरका नको. टेकवताना टोक आधी किंचित डावीकडे, म्हणजे जायच्या दिशेच्या उलट न्या. मग दाबून उजवीकडे वळा. मधल्या भागात हात जरासा वर घ्या. शेवटी पुन्हा दाबा आणि टोक आल्या वाटेने थोडं मागे आणून उचला. रेघ उजवीकडे एक कणभर चढती ठेवा, अगदी आडवी ठेवली तर ती झोपल्यासारखी दिसते. वाळायच्या आत नीट बघा : दोन्ही टोकांना गाठ आणि मध्ये निमुळती, अशी ती हाडासारखी दिसेल. दहा-बारा वेळा ओढलीत की लक्षात येईल, की साध्या आडव्या रेघेत उलट जाणं, वळणं, चालणं, थांबणं आणि परतणं अशा पाच हालचाली आहेत. पटावरच्या रेघेत हेच शोधायचं असतं.

यानंतर 'योंग' हे अक्षर इंटरनेटवर शोधा. अर्थ 'चिरंतन'. वर एक ठिपका, मध्ये खाली येऊन डावीकडे आकडा मारणारी उभी रेघ, डावीकडे चढून खाली घसरणारा एक फटकारा आणि उजवीकडे एक तोकडा व एक लांब पाय पसरलेला फटकारा. कुंचला पाचच वेळा उचलला जातो, पण मूळ आठही प्रकारच्या हालचाली त्यात येतात. म्हणून शतकानुशतकं शिकणाऱ्यांना आधी हेच अक्षर देतात. उजवीकडचा लांब पाय नीट निरखा. बारीक सुरुवात, हळूहळू वाढत जाणारा दाब, तळाशी पूर्ण थांबा आणि मग आडवी, टोकदार सुटका. नवख्या माणसाचा तो थांबा हुकतो आणि पाय लुळा पडतो.

पायरी ३ : डोळ्याने नव्हे, बोटाने बघा

सगळ्या लेखाचा गाभा या पायरीत आहे, बाकी विसरलात तरी हरकत नाही.

चिनी अक्षरात रेघांचा क्रम ठरलेला असतो. साधारणपणे वरून खाली, डावीकडून उजवीकडे, आडवी आधी आणि तिला छेदणारी उभी नंतर. ओळी जुन्या पद्धतीत उभ्या असतात आणि उजवीकडून डावीकडे सरकतात. म्हणजे पटाच्या उजव्या वरच्या कोपऱ्यापासून डाव्या खालच्या कोपऱ्यापर्यंत लिहिणाऱ्याचा हात कोणत्या वाटेने गेला, ते जवळजवळ पूर्ण सांगता येतं. तैलचित्रात पहिला फटकारा कोणता हे कळणं मुश्किल, इथे मात्र सुरुवात, मध्य आणि शेवट तिन्ही समोर असतात. चित्र जागेवर असतं, गाणं वेळेत असतं. ही कला जागेवर दिसते, पण असते वेळेत.

म्हणून एखादं अक्षर पडद्यावर मोठं करा आणि तर्जनी हवेत धरून त्याच क्रमाने फिरवा. जाड जागी बोट खाली दाबा, बारीक जागी वर घ्या. जिथे शाईचा थेंब साचलाय तिथे थांबा. जिथे रेघ कोरडी, फाटलेली आहे तिथे वेगाने जा. दोन रेघांमध्ये कोळ्याच्या जाळ्यासारखा बारीक तंतू दिसला, तर तिथे हात कागदापासून पुरता सुटला नव्हता. मोडी वाचणाऱ्यांना हा तंतू लगेच ओळखीचा वाटेल. हात न उचलता पुढच्या अक्षराकडे जाण्याची घाई आणि त्या घाईतून आलेलं वळण दोन्हीकडे आहे.

पाच अक्षरं अशी गिरवलीत की तुमचा श्वास लिहिणाऱ्याच्या लयीला लागतो. हे अतिशयोक्त वाटेल, पण करून पाहा.

पायरी ४ : शैली पाच, पण आता फार खोलात नको

जुआनशू ही सर्वांत जुनी. सगळीकडे एकसारख्या जाडीची, गोलाईदार रेघ. इ.स.पू. २२१ मध्ये छिन राजवटीने चीन एकछत्री केला तेव्हा ही लिपी प्रमाण ठरवली, आजही शिक्क्यांवर तीच असते. लीशू म्हणजे कारकुनांची लिपी, हान काळात (इसवी सनाच्या मागची-पुढची दोनेक शतकं) बहरलेली. अक्षरं बसकी आणि रुंद, आडव्या रेघेला सुरुवातीला रेशीमकिड्याचं डोकं आणि शेवटी हंसाची शेपटी असते, असं तिचं वर्णन चिनी लोक करतात. खायशू म्हणजे आजचं छापील वळण ज्यातून आलं ती सुटी, नीटस लिपी. ओउयांग शुनने ६३२ साली लिहिलेला ज्योउछंग महालाचा शिलालेख तिचा आदर्श मानतात. शिंगशू म्हणजे चालतं अक्षर आणि त्साओशू म्हणजे धावतं, जिथे अर्धी अक्षरं नुसत्या खुणा होऊन जातात. ह्वायसू या भिक्खूने ७७७ साली लिहिलेलं आत्मकथन धावत्या लिपीतलं शिखर आहे.

नवख्याने खायशूपासून सुरुवात करावी असं सांगायचा प्रघात आहे. हाताने शिकायचं असेल तर ते बरोबर. बघायचं असेल तर मी शिंगशूपासून सुरू करा असं सांगेन. अक्षरं सुटीही असतात आणि हाताची चालही उघड दिसते.

पायरी ५ : रेघेचा कस

चीनमध्ये सर्वांत थोर मानला जाणारा अक्षरलेखक वांग शीझी, त्याची गुरू मानली जाणारी वेई शुओ ही चौथ्या शतकातली बाई. तिच्या नावावर एक जुना मजकूर आहे. त्यात म्हटलंय, की ज्या अक्षरात मांस जास्त आणि हाड कमी ते 'शाईचं डुक्कर'. इतकी थेट भाषा असल्यामुळेच मला चिनी अक्षरसमीक्षा आवडते. ती हाड, मांस, स्नायू, रक्त यांच्या शब्दांत बोलते. थांग काळातले (सातवं ते दहावं शतक) दोन अक्षरलेखक घ्या : येन जेनछिंगच्या अक्षरात स्नायू आणि ल्यू गोंगछुआनच्या अक्षरात हाड, ही तर म्हणच झाली आहे. दोघांचं एकेक पान शेजारी ठेवा. येनचं अक्षर भरदार, खांदे रुंद केलेलं, ल्यूचं कोरल्यासारखं, कडक. सम्राट हुईत्सोंगचं 'कृश सुवर्ण' वळण आणखी पुढे जातं. तारेसारख्या रेघा, पण एकही वाकलेली नाही.

रेघेसाठीच्या दोन उपमा पाठ करून ठेवा. एक, 'वाळूत ओढलेला टोच्या'. असा टोच्या ओढला की दोन्ही कडांना वाळू सारखी सरते आणि टोक चरीच्या मधोमध चालतं. चांगल्या लेखकाचं कुंचल्याचं टोक असंच रेघेच्या मध्यातून जातं, रेघेच्या दोन्ही कडा सारख्या भरीव दिसतात. टोक एका काठाने गेलं तर एक कड गुळगुळीत आणि दुसरी करवतीसारखी होते. मोठं करून बघितलं की हे लगेच दिसतं.

दुसरी उपमा, 'गळक्या घरातला ओघळ'. ही आपल्याला वेगळी समजावून सांगायला नको. कोकणात पावसाळ्यात ज्याने भिंतीवरून उतरणारं पाणी बघितलंय त्याला ती कळली. ओघळ सरळ रेषेत घरंगळत नाही. थेंब थबकतो, भरतो, जड होतो आणि मग पुढे सरकतो. उभी रेघ अशी उतरावी अशी अपेक्षा असते : प्रत्येक इंच कमावत. सळकन ओढलेली रेघ देखणी दिसते, पण तिला वजन नसतं.

कुंचल्यातली शाई संपत आली की रेघेत पांढऱ्या फटी उमटतात. त्याला 'फेईबाय' म्हणजे उडतं पांढरं म्हणतात. हान काळातल्या त्साय योंगला ही कल्पना चुना मारणाऱ्या गवंड्याचा झाडू बघून सुचली, अशी आख्यायिका आहे. हा दोष समजू नका. वेग आणि कोरडेपणा तिथे एकत्र दिसतात.

आणि आवडनिवड मोकळेपणाने असू द्या. सू शी आणि ह्वांग थिंगज्येन हे सोंग काळातले, म्हणजे अकराव्या शतकातले जिवलग मित्र. सूची अक्षरं बसकी, तर ह्वांगचे पाय लांबच लांब. ह्वांगने म्हणे सूच्या अक्षराला 'दगडाखाली दबलेला बेडूक' म्हटलं आणि सूने ह्वांगच्या अक्षराला 'झाडाच्या शेंड्यावर लटकलेला साप'. दोघंही पहिल्या प्रतीचे कलावंत. एकदा ही दोन चित्रं डोक्यात बसली की दोघांची अक्षरं पुन्हा कधी चुकत नाहीत.

पायरी ६ : पांढरी जागा

अठराव्या शतकातला दंग शिरू सांगायचा, की पांढरं काळ्याइतकंच मोजा. विरळ जागेत घोडा दौडवता यावा, दाट जागेत वाराही शिरू नये. यासाठी एक सोपा उपाय आहे. पटाचं चित्र उलटं करा, खालचं वर. अक्षर ओळखण्याची धडपड आपोआप थांबते आणि रेघांनी वेढलेले पांढरे तुकडे दिसायला लागतात. मग प्रत्येक उभ्या ओळीतल्या अक्षरांच्या मध्यातून एक काल्पनिक दोरी सोडा. साध्या हाताची दोरी सरळ लोंबते. मोठ्या लेखकाची किंचित डावी-उजवी होते, एक अक्षर कलतं, पुढचं त्याला सावरतं आणि ओळ पडत नाही.

वांग शीझीची 'लानथिंगची प्रस्तावना' इथे उघडा. ३५३ सालच्या तिसऱ्या महिन्याच्या तिसऱ्या दिवशी, आजच्या शाओशिंगजवळ, चाळिसेक विद्वान एका वळणदार ओढ्याकाठी बसले. पाण्यावरून मद्याचे प्याले सोडायचे, प्याला ज्याच्यापुढे थांबेल त्याने कविता करायची. त्या कवितांसाठी वांगने जागच्या जागी प्रस्तावना लिहिली : २८ ओळी, ३२४ अक्षरं. पहिलं अक्षर कोणतं? आपण दुसऱ्या पायरीत निरखलेलं 'योंग'. त्यात 'झर' हे छोटं अव्यय वीसेक वेळा येतं. ठिपका आणि खाली नागमोडी पाय, एवढंच ते दिसतं. सगळे 'झर' शोधून काढा आणि एकाशेजारी एक ठेवून बघा, कुठलेही दोन सारखे नाहीत. लिहिताना राहिलेले शब्द बाजूला घुसवले आहेत, काही अक्षरांवर दुरुस्ती आहे. नंतर शुद्धीत येऊन त्याने पुन्हा लिहून पाहिलं तेव्हा पहिल्याची सर आली नाही, असं सांगतात. मूळ प्रत थांग सम्राट ताईत्सोंगबरोबर त्याच्या कबरीत गेली अशी समजूत आहे. आज आपण बघतो त्या नकला. बीजिंगच्या राजवाडा संग्रहालयातली, फंग छंगसूच्या नावाची नक्कल सर्वांत जास्त छापली जाते.

पायरी ७ : एक पट, पूर्ण वेळ देऊन

आता मोबाइल बाजूला ठेवा आणि मोठ्या पडद्यावर एकच चित्र उघडा : येन जेनछिंगचा 'पुतण्याच्या श्राद्धलेखाचा मसुदा', इ.स. ७५८. तैपेईच्या राष्ट्रीय राजवाडा संग्रहालयात तो आहे. उंची सुमारे २८ सेंटिमीटर, लांबी पाऊण मीटरच्या आसपास. चिनी परंपरा चालत्या लिपीत याला लानथिंगनंतर दुसरं स्थान देते. तो निर्णय माझ्या हाती असता तर मी याला पहिलं दिलं असतं.

मागची कथा अशी. ७५५ साली आन लूशान या सेनापतीने थांग साम्राज्याविरुद्ध बंड केलं. येन जेनछिंगने उत्तरेत प्रतिकार उभा केला. त्याचा चुलतभाऊ येन गाओछिंगने छांगशान शहर लढवलं. वेढा पडला, जवळच्या सरकारी फौजेने मदत पाठवली नाही. गाओछिंग पकडला गेला आणि मारला गेला, त्याचा तरुण मुलगा जीमिंग ठार झाला. पुढे ७५८ मध्ये घरच्यांनी शोध घेतला तेव्हा जीमिंगचं फक्त शिर हाती लागलं. काकाने पुतण्यासाठी श्राद्धाचा मजकूर लिहायला घेतला. हा पट म्हणजे त्याचा कच्चा खर्डा. तो कुणाला दाखवण्यासाठी नव्हता, नंतर स्वच्छ प्रत करायची होती.

उजवीकडून सुरुवात करा. पहिल्या ओळीत साल, महिना, दिवस. अक्षरं शांत, भरीव, एकमेकांपासून अंतर राखून. पुढे लिहिणाऱ्याचं पद आणि हुद्दे, अजून हात सावध आहे. पुतण्याच्या गुणांपर्यंत येतो तोवर शाई कोरडी पडायला लागते. तरी तो कुंचला बुडवत नाही, कोरड्यानेच पुढे जातो. पटभर ओली जागा कुठे आणि कोरडी कुठे, हे पेन्सिलीने कागदावर टिपून ठेवा. कुंचला शाईत किती थोड्या वेळा गेलाय ते बघून थक्क व्हाल.

मग पहिली खोडाखोड येते. भावाच्या आणि स्वतःच्या नेमणुका लिहिताना शब्द मनासारखे येत नाहीत. तो रेघ मारतो, बाजूला दुसरे लिहितो. आणखी डावीकडे जा. इथे वेढा, बापाचं पकडलं जाणं, मुलाचा मृत्यू आणि घरटं उलटून अंडी फुटणं, एवढं मोजक्या अक्षरांत येतं. ती अक्षरं मोठी झाली आहेत, काळी झाली आहेत, ओळीची दोरी सुटायला लागली आहे. अर्थ माहीत नसता तरी इथे काहीतरी फुटलं, हे बोटाला कळलं असतं. मी प्रत्येक वेळी या जागेवर थांबतो. लिहिणारा पन्नाशीतला, राजदरबारातला मुरलेला माणूस आहे, सगळ्या देशात नावाजलेलं त्याचं अक्षर आहे आणि इथे त्याला अक्षराची शुद्धच नाही.

शेवटच्या ओळी जवळजवळ त्साओशू आहेत. खाडाखोड वाढते, अक्षरं एकात एक जातात. शोकाचे ठरावीक समारोपाचे शब्द नुसत्या वळशांत संपतात. सगळा पट बोटाने गिरवायला दहा-पंधरा मिनिटं लागतील. वाचनाच्या मानाने हा वेळ खूप वाटला तरी मध्ये थांबू नका, चढत जाणारा वेग तुटतो. २०१९ मध्ये हा पट टोकियोच्या राष्ट्रीय संग्रहालयात दाखवायला पाठवला, तेव्हा इतका जुना आणि नाजूक कागद परदेशी नेला म्हणून तैवान आणि चीन दोन्हीकडे लोक संतापले होते. पट एकदा गिरवल्यावर तो संताप समजतो.

याला जोड म्हणून सू शीचा 'थंड अन्नाच्या सणाचा पट' बघा. हाही तैपेईतच आहे. दरबाराची टीका केल्याच्या आरोपावरून सूला ह्वांगजोऊला धाडलं होतं. तिथल्या तिसऱ्या वर्षी, १०८२ साली, पावसात बुडालेल्या घरात त्याने दोन कविता लिहिल्या. रिकाम्या स्वयंपाकघरात थंड भाजी शिजवतोय, मोडक्या चुलीत ओले लव्हाळे जाळतोय. 'लव्हाळा' आणि पुढच्या ओळीतला 'कागद' या अक्षरांची शेवटची उभी रेघ तलवारीसारखी खाली ओढली आहे. एवढ्या पांढऱ्या जागेत एकटी. त्या दोन रेघा आधी शोधा आणि मग सुरुवातीला परत जा. सुरुवातीची अक्षरं किती लहान आणि कललेली आहेत, ते आता दिसेल. पटाच्या खालच्या कडेला आगीने जळल्याच्या खुणाही आहेत.

लाल शिक्क्यांबद्दल थोडक्यात

शिक्क्याचा रंग हिंगुळाचा. लाल अक्षरं असतील तर दगडावर अक्षर उठावाचं होतं, लाल चौकटीत पांढरी अक्षरं असतील तर ते खोल कोरलेलं होतं. एक-दोन शिक्के लेखकाचे असतात, बाकीचे पुढच्या संग्राहकांचे. कोणाकडून कोणाकडे पट गेला, याची ती नोंदवहीच आहे. अठराव्या शतकातला सम्राट छ्येनलोंग यात सर्वांत उत्साही. वांग शीझीची अवघ्या २८ अक्षरांची एक चिठ्ठी त्याच्याकडे होती, तिच्याभोवती त्याने डझनावारी शेरे आणि शिक्के उमटवले. नवख्याचा डोळा लाल रंगाकडे धावतो. पहिल्या फेरीत शिक्के हाताने झाका आणि काळं-पांढरं तेवढं बघा.

पायरी ८ : कुठे बघाल, आणि एक ओळखीचा पाहुणा

तैपेई आणि बीजिंगच्या दोन्ही राजवाडा संग्रहालयांनी आपल्या मोठ्या पटांची चित्रं इंटरनेटवर बघायला ठेवली आहेत. कागद आणि रेशीम उजेडाने खराब होतात म्हणून मूळ पट वर्षभर भिंतीवर नसतात. जायच्या आधी प्रदर्शनात काय आहे ते पाहून घ्या. न्यूयॉर्क-न्यू जर्सीत राहणाऱ्या मराठी मंडळींना मेट्रोपॉलिटन संग्रहालय हाकेवर आहे. तिथे ह्वांग थिंगज्येनचा धावत्या लिपीतला सुमारे १८ मीटर लांबीचा पट आहे, तोच 'लटकलेला साप'. त्याचा एखादा भाग मांडलेला दिसला तर उजव्या टोकाला जा आणि डावीकडे चालत चालत बघा. असा पट मुळात हातात धरून, एका बाजूने उलगडत आणि दुसऱ्या बाजूने गुंडाळत, हातभर रुंदीचा तुकडा समोर ठेवून बघायचा असतो.

शीआनला गेलात तर 'शिलालेखांचं वन' चुकवू नका. १०८७ साली हा संग्रह सुरू झाला. दगडावर ओला कागद चिकटवून ठोकतात आणि वरून शाईचा बोळा फिरवतात, मग काळ्यावर पांढरं अक्षर उमटतं. असे ठसे पुस्तकांतही छापलेले असतात. घरी बसून एक ठसा आवर्जून बघा असं सांगायचं तर तो ६७२ सालच्या 'पवित्र उपदेशाच्या प्रस्तावने'चा.

शाळेच्या इतिहासात आपण ह्युएन त्संग वाचलेला असतो. काही पुस्तकांत त्याला युआन श्वांग म्हणतात. दुसऱ्या पुलकेशीच्या काळात तो महाराष्ट्रात आला होता. इथली माणसं उपकार विसरत नाहीत आणि अपमानही विसरत नाहीत, असं त्याने लिहून ठेवलंय. ६४५ साली तो ग्रंथ घेऊन छांगआनला, म्हणजे आजच्या शीआनला परतला आणि त्याच्या भाषांतरांसाठी सम्राट ताईत्सोंगने प्रस्तावना लिहिली. ती दगडावर कोरायची ठरली तेव्हा ह्वायरन नावाच्या भिक्खूने एक अचाट काम हाती घेतलं. तीनशे वर्षांपूर्वी वारलेल्या वांग शीझीच्या उरलेल्या लेखनातून एकेक अक्षर वेचून त्याने सगळा मजकूर जुळवला. जे अक्षर मिळालं नाही ते दोन अक्षरांचे तुकडे जोडून तयार केलं. या कामाला वीस वर्षांहून जास्त लागली असं सांगतात. दगडावर सुमारे १९०० अक्षरं आहेत. पुढे दगडाला तिरकी भेग गेली, ठशात ती पांढऱ्या रेघेसारखी दिसते.

त्या दगडाच्या डाव्या भागात ह्युएन त्संगने भाषांतर केलेलं हृदयसूत्र, म्हणजे एक छोटं बौद्ध सूत्र आहे. त्याच्या शेवटी संस्कृत मंत्र भाषांतर न करता नुसत्या उच्चाराने लिहिला आहे : गते गते पारगते पारसंगते बोधि स्वाहा. 'गते'साठी दोन अक्षरं वापरली आहेत, आजच्या चिनीत त्यांचा उच्चार 'ज्येदी' असा होतो. ठशात मंत्राची जागा गाठा. त्यापुढे भाषांतर तपासणाऱ्यांची नावं आणि तारीख आहे, त्याच्या आधी शोधा. अक्षरांची तीच जोडी थोड्याथोड्या अंतराने चार वेळा आलेली सापडेल. चारही जोड्या मोठ्या करून घ्या, कडप्प्यावर पाणी घ्या आणि 'गते' म्हणत एकेक काढून बघा.